दहा हजार सॉकेट, एक थ्रेड: ईपोलवर पहिला सर्व्हर लिहिताना

नेटवर्क सर्व्हर लिहायला शिकताना पहिला प्रोग्राम सगळ्यांचा जवळपास सारखाच असतो. सॉकेट उघडायचं, लिसन करायचं, ॲक्सेप्टमधून आलेल्या कनेक्शनवर रीड करायचं, उत्तर लिहायचं, कनेक्शन बंद करायचं. एकच क्लायंट असेतो सगळं सुरळीत चालतं. दुसरा आला की तो दाराशी ताटकळतो, कारण आपला प्रोग्राम पहिल्याच्या रीडवर झोपलेला असतो.

दळणाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. डबा ठेवून दळण होईपर्यंत तिथेच उभं राहणं म्हणजे ब्लॉकिंग रीड. घरी येऊन दर पाच मिनिटांनी ‘झालं का?’ विचारायला जाणं म्हणजे पोलिंग. आणि ‘झालं की हाक मारा’ असं सांगून आपल्या कामाला लागणं म्हणजे इव्हेंट नोटिफिकेशन. ही हाक कर्नलकडे (प्रणालीच्या गाभ्याकडे) लिनक्सच्या ‘ईपोल’ने कशी मागायची आणि आलेल्या हाकेचा अर्थ नेमका किती घ्यायचा, हे इथे पायरीपायरीने बघू. त्यातला दुसरा भाग अवघड आहे. नवशिक्यांचं घोडं तिथेच पेंड खातं.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो. गाड्यांत बसवलेली जीपीएस यंत्रं मोबाइल नेटवर्कवरून टीसीपी कनेक्शन उघडतात आणि दर काही सेकंदांनी एक ओळ पाठवतात: गाडीचा क्रमांक, अक्षांश, रेखांश, वेग. सर्व्हर प्रत्येक ओळीची पोच देतो. मी हा विषय अशाच एका सर्व्हरवर शिकलो, म्हणून त्याच्या खाचाखोचा मला जवळून माहीत आहेत. प्रणाली लिनक्स, भाषा सी. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. मॅन्युअलमध्ये तीच इंग्रजीत सापडतील, काही अंडरस्कोर घालून, काही सलग.

आधी, थ्रेड का नकोत?

शे-दोनशे गाड्या असतील तर खुशाल प्रत्येक कनेक्शनला एक थ्रेड द्या. कोड वरून खाली सरळ वाचता येतो, आणि ही लहान गोष्ट नाही. पण लिनक्सवर एका थ्रेडच्या स्टॅकसाठी सहसा ८ एमबी पत्त्यांची जागा राखली जाते. दहा हजार थ्रेडना ती ८० जीबी होते. प्रत्यक्ष रॅम वापरापुरतीच लागते हे खरं, तरी प्रत्येक छोट्या ओळीसाठी एक थ्रेड उठवायचा, दोन ओळींचं काम करून पुन्हा झोपवायचा, हा आटापिटा वाढत जातो. डॅन केगल यांनी १९९९ मध्ये दहा हजार कनेक्शनचा हा प्रश्न ‘सी-टेन-के’ या नावाने मांडला. त्यानंतरच्या काही वर्षांत कर्नल लिहिणाऱ्यांनी आणि सर्व्हर लिहिणाऱ्यांनी त्याची जी उत्तरं शोधली, त्यांवर आजचं बरंचसं इंटरनेट उभं आहे.

पायरी पहिली: सगळी सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करा

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर रीड केलं आणि डेटा नसला, तर रीड झोपत नाही. उणे एक परत देतं आणि एररनो (शेवटची एरर कोणती ते सांगणारा व्हेरिएबल) ‘ईअगेन’ होतो. अर्थ एवढाच: आत्ता काही नाही, नंतर ये.

पुष्कळांना वाटतं, कर्नलने ‘वाचायला आहे’ सांगितल्यावरच रीड करणार असू, तर नॉन-ब्लॉकिंगची गरज काय? गरज आहे, कारण हाक ही त्या क्षणापुरती खबर असते. यूडीपीचं पॅकेट आलं म्हणून सिलेक्टने (हाक मागायचा जुना कॉल, पुढच्या पायरीत येतो) हाक दिली, मग चेकसम चुकीचा निघाल्याने कर्नलने ते पॅकेट टाकून दिलं, आणि आपलं रीड बसलं वाट बघत. लिनक्सवर असं होऊ शकतं आणि सिलेक्टच्या मॅन्युअलमध्ये तसा इशाराही आहे. सगळी कनेक्शनं एकाच थ्रेडवर असल्याने, एक रीड झोपलं की दहा हजार गाड्या थांबल्या.

आणखी एक बारकावा. लिनक्समध्ये लिसनिंग सॉकेट नॉन-ब्लॉकिंग असलं, तरी ॲक्सेप्टमधून मिळणारं नवं सॉकेट तसं नसतं. बीएसडी या युनिक्सच्या घराण्यात तो गुण वारशाने येतो, इथे येत नाही. म्हणून ‘ॲक्सेप्ट-फोर’ वापरा आणि नॉन-ब्लॉकिंगचा फ्लॅग तिथेच द्या.

पायरी दुसरी: सिलेक्ट आणि पोल ओळखीपुरते समजून घ्या

सिलेक्ट १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून आहे. त्याला बिटांचे तीन संच द्यायचे: कुठून वाचायचं, कुठे लिहायचं, कुठे काही विशेष घडलं. सिलेक्ट हेच संच खोडून त्यांत उत्तर लिहितं, म्हणून दर खेपेला ते नव्याने भरावे लागतात. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीमध्ये या संचाची मर्यादा १०२४ आहे. १०२४ किंवा त्याहून मोठ्या क्रमांकाचा डिस्क्रिप्टर (उघड्या सॉकेटला किंवा फाइलला कर्नल देतो तो क्रमांक) त्यात घातला तर नीट एररसुद्धा मिळेल याची हमी नाही. शेजारची मेमरी बिघडू शकते, आणि असा बिघाड शोधायला दिवसच्या दिवस जातात. नव्या सर्व्हरमध्ये सिलेक्ट वापरू नका.

पोलमध्ये ही मर्यादा नाही. आठ-आठ बाइटच्या नोंदींची यादी द्यायची: डिस्क्रिप्टर कोणता, कशाची वाट बघतोय, काय घडलं. पण दहा हजार कनेक्शनांची यादी म्हणजे ८०,००० बाइट, आणि त्या प्रत्येक कॉलला कर्नलकडे जाणार. कर्नल दहा हजार सॉकेट एकेक करून तपासणार. बोलल्या असतील तीनच गाड्या, तरी आपणही उत्तरात पूर्ण यादी चाळणार. म्हणजे गिरणीवाल्याला दर वेळी अख्ख्या गावाची यादी वाचून दाखवायची आणि त्याने प्रत्येक नावापुढे ‘नाही, नाही, झालं, नाही’ म्हणायचं. शंभरेक सॉकेट असतील तर हे जाणवतही नाही.

पायरी तिसरी: ईपोल

ईपोलने हे दोन भाग वेगळे केले: कुणाची वाट बघतोय ते एकदाच सांगायचं, आणि काय घडलं ते पुन्हा पुन्हा विचारायचं. डाविडे लिबेन्झी यांचं हे काम २००२ मध्ये २.५ च्या विकास-कर्नलमध्ये आलं आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ मुळे सर्वांपर्यंत पोचलं. फ्रीबीएसडीमध्ये जोनाथन लेमन यांचं ‘के-क्यू’ त्याआधी, २००० सालीच आलं होतं. मॅकवर आजही तेच आहे. माझ्या मते के-क्यूची रचना ईपोलहून जास्त नेटकी आहे, कारण सॉकेट, टायमर, सिग्नल आणि प्रोसेस संपल्याची खबर अशा सगळ्यांना ते एकाच साच्यात बसवतं. ईपोलमध्ये त्यासाठी टायमर-एफडी, सिग्नल-एफडी अशी स्वतंत्र डिस्क्रिप्टरं जोडून घ्यावी लागतात.

ईपोलचे कॉल तीन. ‘ईपोल-क्रिएट-वन’ एक ईपोल डिस्क्रिप्टर देतो. ‘ईपोल-सीटीएल’ने त्यात सॉकेट घालायचं, बदलायचं किंवा काढायचं. ‘ईपोल-वेट’ काही घडेपर्यंत झोपतो आणि उठला की फक्त घडलेल्या गोष्टींची यादी देतो. आत कर्नल नोंदवलेल्या सॉकेटांचं एक रेड-ब्लॅक ट्री ठेवतो आणि तयार झालेल्यांची एक वेगळी रांग ठेवतो. पॅकेट आलं की ते सॉकेट स्वतःच त्या रांगेत जाऊन बसतं. त्यामुळे गप्प बसलेल्या ९,९९७ गाड्यांचा भार ईपोल-वेटवर पडत नाही.

सर्व्हरचा सांगाडा असा. लिसनिंग सॉकेट ‘ईपोल-इन’साठी (वाचायला काही आलं की हाक) नोंदवा. मग न संपणाऱ्या लूपमध्ये ईपोल-वेट. हाक लिसनिंग सॉकेटची असेल तर ईअगेन येईपर्यंत ॲक्सेप्ट करत राहा आणि प्रत्येक नवं सॉकेट ईपोल-इनसाठी नोंदवा. हाक गाडीच्या सॉकेटची असेल तर वाचा. नोंदवताना जे ‘डेटा’ नावाचं क्षेत्र मिळतं, त्यात त्या कनेक्शनच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर ठेवा, म्हणजे हाक आली की शोधाशोध करावी लागत नाही.

चालवण्याआधी यूलिमिट बघा. उघड्या फाइलींची मऊ मर्यादा बऱ्याच ठिकाणी १०२४ असते. ती संपली की ॲक्सेप्ट ‘ईएमफाइल’ देतं, पण येऊ घातलेलं कनेक्शन रांगेतच राहतं; मग ईपोल-वेट लगेच परत येतो, ॲक्सेप्ट पुन्हा फसतं, आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो. जुना आणि चांगला उपाय असा: सुरुवातीलाच एक फालतू डिस्क्रिप्टर उघडून राखून ठेवायचा. वेळ आली की तो बंद करायचा, रिकाम्या जागेत कनेक्शन स्वीकारून लगेच बंद करायचं, आणि राखीव डिस्क्रिप्टर पुन्हा उघडायचा.

पायरी चौथी: प्रत्येक कनेक्शनची वही

मूळ काम इथे आहे. ईपोलचे तीन कॉल दुपारभरात शिकून होतात; पुढचं शिकायला मला काही महिने लागले.

टीसीपीला ‘ओळ’ कळत नाही, त्याला फक्त बाइटांचा प्रवाह कळतो. गाडीने एक ओळ पाठवली, तरी आपल्या पहिल्या रीडमध्ये अर्धीच येईल: गाडीचा क्रमांक आणि अक्षांशाचे तीन आकडे. उरलेलं पुढच्या हाकेला. किंवा एकाच रीडमध्ये अडीच ओळी येतील. थ्रेडवाल्या कोडमध्ये ‘मी कुठपर्यंत आलो’ हे थ्रेडचा स्टॅक लक्षात ठेवत होता. इथे स्टॅक नाही, म्हणून ते आपल्यालाच वहीत लिहून ठेवावं लागतं. प्रत्येक कनेक्शनला एक स्ट्रक्चर द्या आणि त्यात निदान एवढं असू द्या: आलेल्या बाइटांचं बफर, जायच्या बाइटांचं बफर, शेवटची हालचाल कधी झाली ती वेळ, आणि कनेक्शन कोणत्या अवस्थेत आहे ते. आलेले बाइट बफरच्या शेवटी जोडा, बफरमध्ये ओळीचा शेवट सापडेल तेवढ्या ओळी काढून हाताळा, उरलेला तुकडा पुढच्या खेपेसाठी ठेवा. ओळीच्या लांबीला मर्यादाही घाला. नाहीतर ओळ कधीच न संपवणारा एखादा क्लायंट सगळी मेमरी खाऊन टाकेल.

माझ्या पहिल्या सर्व्हरमध्ये मी ‘एक रीड म्हणजे एक ओळ’ असं धरलं होतं. कार्यालयातल्या नेटवर्कवर ते आठवडाभर बिनचूक चाललं. खऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या त्या दिवशी नकाशावर काही गाड्या अरबी समुद्रात दिसू लागल्या, कारण तुटलेल्या ओळीतला अर्धा आकडा मी पूर्ण रेखांश म्हणून वाचत होतो.

रीडचे तीन निकाल लक्षात ठेवा. धन आकडा म्हणजे तेवढे बाइट आले. शून्य म्हणजे समोरच्याने त्याच्या बाजूने पाठवणं संपवलं. आपलं शिल्लक उत्तर लिहून सॉकेट बंद करायचं. उणे एक आणि ईअगेन म्हणजे आत्ता काही नाही. बाकीचे बहुतेक एरर म्हणजे कनेक्शन गेलं. शून्य आणि ईअगेन यांची गल्लत केली तर मेलेली कनेक्शनं लूपमध्ये गरगरत राहतात.

कनेक्शन बंद करण्यातही एक सापळा आहे. ईपोल-वेटने एका खेपेत साठ हाका दिल्या. पाचवी हाताळताना तुम्ही ठरवलं की याच गाडीचं जुनं कनेक्शन बंद करून टाकावं, आणि त्याचं स्ट्रक्चर मोकळं केलं. पण त्या जुन्या कनेक्शनचीही हाक याच यादीत चाळिसाव्या जागी असू शकते, आणि तिच्यातला पॉइंटर आता मोकळ्या केलेल्या मेमरीकडे बोट दाखवतो. म्हणून स्ट्रक्चरवर ‘मृत’ अशी खूण करा आणि मोकळं मात्र अख्खी खेप हाताळून झाल्यावरच करा.

पायरी पाचवी: लिहिणं

सेंडला शंभर बाइट दिले म्हणजे शंभर गेलेच असं नाही. कर्नलचं बफर भरलेलं असेल तर चाळीस जातील, किंवा एकही जाणार नाही आणि ईअगेन येईल. उरलेले जायच्या बफरमध्ये ठेवा आणि तेव्हाच ‘ईपोल-आउट’ची (लिहायला जागा झाली की येणारी) हाक मागा. बफर रिकामं झालं की ती हाक लगेच काढून टाका.

‘लगेच’वर माझा जोर आहे. सॉकेट बहुतेक वेळ लिहायला मोकळंच असतं, त्यामुळे ईपोल-आउट सुरुवातीपासून नोंदवून ठेवलं तर ईपोल-वेट झोपतच नाही. ‘सर्व्हर रिकामा आहे तरी सीपीयू तापतोय’ असं कुणी सांगितलं, तर मी सगळ्यात आधी हेच बघतो.

समोरचा वाचतच नसेल तर जायचं बफर फुगत जातं. त्याला एक मर्यादा ठरवा. ती ओलांडली की त्या क्लायंटकडून वाचणं थांबवा, त्याने जुनं उचललं की पुन्हा सुरू करा. आणि बंद झालेल्या कनेक्शनवर लिहिलं तर सिगपाइप सिग्नल येऊन अख्खा प्रोसेस मरतो, म्हणून तो सिग्नल सुरुवातीलाच दुर्लक्षित करून ठेवा.

पायरी सहावी: लेव्हल की एज

ईपोल दोन प्रकारे हाक देतो. लेव्हल-ट्रिगर्ड म्हणजे दळण तयार पडून आहे तोवर तुम्ही गिरणीवरून जाल तेव्हा दर वेळी हाक. एज-ट्रिगर्ड म्हणजे नवं दळण तयार झालं तेव्हा एकदाच. काही न सांगता मिळतो तो लेव्हल.

एजमध्ये हाक आली की ईअगेन येईपर्यंत वाचावंच लागतं. अर्धवट वाचून थांबलात तर उरलेल्या बाइटांसाठी वेगळी हाक येत नाही. क्लायंट आपल्या उत्तराची वाट बघतो, आपण त्याच्या बाइटांची, आणि दोघंही कायमचे गप्प. उलट एखादा क्लायंट सतत ओतत राहिला तर त्याचं ईअगेन येतच नाही आणि बाकीचे उपाशी राहतात. तेव्हा प्रत्येकाला ठरावीक वाटा द्यायचा आणि ज्यांचं उरलं आहे त्यांची यादी स्वतः सांभाळायची. एजने सिस्टीम कॉल काहीसे वाचतात, हे खरं. लिनक्सवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर एज वापरतो आणि रेडिस हा डेटाबेस लेव्हल वापरतो, आणि दोन्ही वेगासाठीच ओळखले जातात. नव्या माणसाला माझं सांगणं स्पष्ट आहे: लेव्हलनेच सुरू करा. लेव्हलमध्ये चूक झाली तर सीपीयू तापतो आणि दिसतं. एजमध्ये चूक झाली तर शांतता असते.

पायरी सातवी: न बोलता गेलेले

गाडी घाटात शिरते, मोबाइलची रेंज जाते, यंत्र पुढे कधीतरी नवं कनेक्शन उघडतं. जुन्या कनेक्शनवर ‘मी चाललो’ असं सांगणारं पॅकेट कधीच येत नाही. ईपोल हाक देणार तरी कशाची? काही घडलेलंच नाही. लिनक्समध्ये टीसीपी कीप-अलाइव्ह (समोरचा अजून आहे का याची चौकशी) आपण चालू करावा लागतो, आणि चालू केला तरी पहिली चौकशी ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. तोवर मेलेल्या कनेक्शनांचा ढीग लागतो.

म्हणून वेळेचा हिशोब आपला आपण ठेवायचा. प्रत्येक कनेक्शनच्या मुदती मिन-हीपमध्ये (सगळ्यात लहान मूल्य कायम वर ठेवणाऱ्या रचनेत) ठेवा. सगळ्यात जवळच्या मुदतीला किती मिलिसेकंद उरले तेवढाच टाइमआउट ईपोल-वेटला द्या. उठल्यावर मुदत उलटलेली कनेक्शनं बंद करा. मुद्दाम एकेक बाइट रेंगाळत पाठवून सर्व्हर अडवणाऱ्यांवर इलाज हाच आहे, पण तिथे मुदत ‘शेवटचा बाइट आल्यापासून’ धरू नका, ‘ओळ सुरू झाल्यापासून’ धरा.

लूपमध्ये काय करायचं नाही

झोपू शकेल असं काहीही नाही. ‘गेट-ॲड्र-इन्फो’ने नाव शोधणं झोपतं. डेटाबेसच्या साध्या लायब्ररीतली क्वेरी झोपते. डिस्कवरची फाइलसुद्धा झोपते, आणि तिला ईपोलमध्ये घालताच येत नाही: ईपोल-सीटीएल ‘ईपर्म’ देऊन नकार देतो. अशी कामं वेगळ्या थ्रेडांकडे द्या आणि काम झालं की ‘इव्हेंट-एफडी’वर लिहून लूपला उठवा. नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) पोटातलं लिबयूव्ही फाइलींसाठी हेच करतं. त्याच्या थ्रेडांची संख्या मुळात चार असते.

एक कोर पुरेनासा झाला तर प्रत्येक कोरवर एक स्वतंत्र लूप चालवा आणि ‘रीयूज-पोर्ट’ पर्यायाने प्रत्येक लूपला स्वतःचं लिसनिंग सॉकेट द्या, लिनक्स ३.९ पासून कर्नल नवी कनेक्शनं त्यांच्यात वाटून देतो. एकच ईपोल अनेक थ्रेडांत वाटून घ्यायचा मोह टाळा.

विंडोजची आयओसीपी वेगळ्या घराण्यातली आहे. ती ‘दळण तयार आहे, घेऊन जा’ असं सांगत नाही. ‘दळण घरी पोचवलं’ असं सांगते. म्हणजे बफर आधीच द्यायचं आणि वाचून झाल्यावर खबर मिळते. लिनक्समध्ये जेन्स ॲक्सबो यांचं आयओ-यूरिंग २०१९ मध्ये ५.१ कर्नलसोबत त्याच वाटेने आलं, आणि त्यात डिस्कच्या फाइलीही चालतात. त्याच्याकडे जरूर वळा, पण चौथी आणि पाचवी पायरी तिथेही चुकत नाही.

सी अवघड वाटत असेल तर पायथनच्या ‘सिलेक्टर्स’ मॉड्यूलने सुरुवात करा. ते ३.४ पासून आहे, लिनक्सवर आपणहून ईपोल निवडतं आणि मॅकवर के-क्यू. पायथनचं असिंकआयओ हे मॉड्यूल त्याच्याच वर उभं आहे, पण आधी एकदा हाताने लूप लिहून बघा.

लिहून झाल्यावर ही तपासणी करा. एका खिडकीत नेटकॅटने (हाताने कनेक्शन उघडायच्या साधनाने) जोडा आणि अर्धी ओळ पाठवून थांबा. नेटकॅट एंटर दाबल्यावरच पाठवतो, म्हणून अर्धी ओळ प्रिंटएफने पाइपमधून द्या. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीतून पूर्ण ओळ पाठवा. तिची पोच क्षणात यायला हवी. मग असा क्लायंट लिहा जो ओळी पाठवत राहतो पण पोच कधीच वाचत नाही, आणि सर्व्हरची मेमरी तुम्ही ठरवलेल्या मर्यादेशी थांबते का बघा. शेवटी पाच हजार कनेक्शनं उघडून सगळी गप्प ठेवा आणि सर्व्हरच्या प्रोसेसला एसट्रेस (प्रोसेसचे सिस्टीम कॉल दाखवणारं साधन) लावा. पडद्यावर ईपोल-वेटची एकच ओळ अर्धवट थांबलेली दिसायला हवी, आणि कुणाची मुदत भरेपर्यंत तिच्याखाली दुसरी ओळ उमटता कामा नये.